चेंबरची थंडी नेमकी कुठून जाते? थर्मल कॅमेऱ्याने केलेल्या तपासणीचा माझा अनुभव (सावदा)

आमच्या केळी पिकवायच्या दुसऱ्या नंबरच्या चेंबरमध्ये पश्चिमेकडच्या दोन ओळींना नेहमी आधी कलर यायचा. बाकीचा माल अजून हिरवट असायचा आणि त्या दोन ओळींतल्या फण्या एक दिवस आधीच पिवळ्या होऊन बसायच्या. केळी पिकवणाऱ्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. व्यापारी दारात उभा राहून क्रेट बघतो, दोन रंगांचा माल दिसला की भाव पाडतो, आणि त्याचं चुकतं असंही म्हणता येत नाही. तीन उन्हाळे मी हे सोसलं. या वर्षी मे महिन्यात जळगावच्या एका तंत्रज्ञांना बोलावून थर्मल कॅमेऱ्याने, म्हणजे तापमान रंगांत दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने, भिंतींची तपासणी करून घेतली. आपल्या भागात ही सेवा फारशी कुणी घेतलेली नाही. मला तीन-चार चेंबरवाल्यांनी फोन करून विचारलं, म्हणून सगळं एकदाच सविस्तर लिहितो.

आधी जागा सांगतो. सावदा-फैजपूर रस्त्यावर आमचं विटांचं जुनं गोदाम आहे, वर पत्रे. त्याच्या आत २०१६ साली दोन रायपनिंग चेंबर उभे केले, प्रत्येकी दहा टनांचे. भिंती आणि छत ८० मिलिमीटरच्या पफ पॅनलचं, दोन्ही बाजूंनी पांढरा रंग दिलेला पत्रा आणि मधे फोम. गोदामाची पश्चिमेची वीटभिंत आणि चेंबरची पॅनलची भिंत यांच्यात जेमतेम एक फुटाची फट आहे. दुपारी दोनपासून सूर्य मावळेपर्यंत ती वीटभिंत तापत असते. मे महिन्यातली भुसावळ-रावेर पट्ट्यातली दुपार ज्यांनी काढली आहे, त्यांना पुढचं सांगायला नको.

चेंबर १७ अंशांवर लावलेला असायचा. सुई थर्मामीटर केळ्याच्या गरात खुपसून पाहिला की पूर्वेच्या ओळीत १७, मधे १७.५ आणि पश्चिमेला १९.५. अडीच अंशांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण पिकण्याच्या चार-पाच दिवसांत तो एका दिवसाचं अंतर पाडतो. वर कंप्रेसर दुपारी बाराला जो सुरू व्हायचा, तो रात्री नऊपर्यंत श्वास घ्यायचा नाही. आमच्या एसीच्या मिस्त्रीने आधी गॅस भरला, मग पंख्याची दिशा बदलली, शेवटी म्हणाला की कंप्रेसरच लहान पडतोय, मोठा टाका. त्याचं कोटेशन होतं १ लाख ८५ हजार. मी जवळजवळ होकार दिला होता.

पुतण्या म्हणाला, "काका, आधी बघून तर घेऊ की थंडी जाते कुठे." तो एका कारखान्यात कामाला आहे. तिथे दर सहा महिन्यांनी इलेक्ट्रिक पॅनलची थर्मल तपासणी होते. सैल झालेला जोड गरम होतो, कॅमेऱ्यात तो पेटल्यासारखा दिसतो. ती तपासणी करणारे गृहस्थच भिंतींचंही काम करतात असं त्याने शोधून काढलं. नाव मी इथे टाकत नाही, एकट्याने धंदा करणारा माणूस आहे.

या सेवेबद्दल माझं मत पहिल्या फोनलाच चांगलं झालं. दर विचारण्याआधी त्यांनीच मला दहा मिनिटं प्रश्न विचारले. पॅनलचा पत्रा रंग दिलेला की चकचकीत? चेंबरला बाहेरून ऊन लागतं का? आत माल असेल का? रात्री गोदामात किती गरम असतं? मी म्हटलं, दुपारी या, तेव्हाच खरा त्रास होतो. ते म्हणाले, दुपारी मी येणारच नाही. दुपारी पत्रे तापलेले असतात, त्यांची धग पॅनलवरून परत फिरते आणि कॅमेरा ती धग पॅनलचीच म्हणून दाखवतो. त्यांनी दोन वेळा मागितल्या, रात्री साडेनऊ आणि पहाटे साडेचार. म्हणजे एक रात्र सावद्यात मुक्काम. आदल्या दिवसापासून चेंबर रिकामा ठेवून सतत चालू ठेवायचा, कारण पिकणारी केळी स्वतःच उष्णता सोडतात आणि चित्र गढूळ होतं. आत आणि बाहेर निदान दहा अंशांचा फरक हवा, त्याशिवाय भिंतीतले दोष उठून दिसत नाहीत. थंड देशांत हीच तपासणी थंडीत करतात. तिथे घर आतून गरम असतं आणि ती ऊब भिंतीतून बाहेर कुठे निसटते ते शोधायचं असतं. आपल्याकडे सगळं उलट, पण नियम तोच.

दर ठरला चेंबरसाठी ८,५०० रुपये, जाण्यायेण्याचा खर्च धरून. घराच्या भिंती पाहायचे आणखी १,५००. घराचं मी सहज विचारलं होतं. त्याबद्दल पुढे सांगतो, कारण तो भाग माझ्यासाठी वेगळाच निघाला.

ठरल्या दिवशी ते आठच्या आधीच आले. कॅमेरा हातात मावणारा, ड्रिल मशीनसारखी मूठ असलेला. माझा पुतण्या आणि चेंबरवरचा आमचा माणूस, दोघं त्यांच्या मागे मागे फिरत होते. त्यांनीही कुणाला हटकलं नाही, उलट प्रत्येक ठिकाणी थांबून स्क्रीन दाखवली. मी फैजपूरला बीएस्सी केलं तेव्हा फिजिक्स होतं. १८०० साली विल्यम हर्शेलने लोलकातून पडलेल्या रंगांत थर्मामीटर ठेवले आणि तांबड्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही, तिथे पारा सगळ्यात जास्त चढला, हे तेव्हा परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. तोच न दिसणारा प्रकाश आपल्या गोदामाच्या भिंतीतून निघताना बघायला मिळेल असं कधी वाटलं नव्हतं.

एक गैरसमज मात्र सुरुवातीलाच मोडला. मला वाटत होतं हा कॅमेरा एक्स-रेसारखा भिंतीच्या आत बघतो. तसं काही नाही. तो फक्त वरच्या पृष्ठभागाचं तापमान वाचतो. आतला फोम गेला असेल तर त्या जागी पृष्ठभाग वेगळा तापतो किंवा वेगळा गार पडतो, आणि त्यावरून माणसाने आतलं ओळखायचं. कॅमेरा फक्त चित्र देतो, ते वाचायला माणूसच लागतो.

हे त्यांनी एका प्रसंगातून पटवून दिलं. चेंबरच्या दाराला खाली स्टीलचा चकचकीत पत्रा आहे. त्यावर कॅमेरा धरला तर एक लालसर डाग दिसला. मी म्हटलं, इथून गळतंय वाटतं. ते दोन पावलं बाजूला सरकले आणि डागही त्यांच्याबरोबर सरकला. ती त्यांच्याच अंगाची ऊब होती, पत्र्यात आरशासारखी दिसत होती. मग त्यांनी खिशातून काळी इन्सुलेशन टेप काढली, एक तुकडा पत्र्यावर चिकटवला, पाच मिनिटं थांबले आणि टेपवर नेम धरला. आकडा आला २९. उघड्या पत्र्यावर तोच कॅमेरा ३५ सांगत होता. चकचकीत धातू स्वतःची उष्णता फार कमी बाहेर टाकतो आणि समोरच्याची परत फेकतो. रंग दिलेला पत्रा, प्लास्टर, वीट हे सगळे आपली उष्णता नव्वद टक्क्यांच्या आसपास बाहेर टाकतात, म्हणून त्यांच्यावरचा आकडा भरवशाचा. फोनवर त्यांनी पत्र्याबद्दल का विचारलं होतं ते तेव्हा कळलं.

आणखी एक गंमत वाटली. गोदामाच्या पांढऱ्या भिंतीवर आमच्या फर्मचं नाव काळ्या अक्षरांत रंगवलेलं आहे. रात्री कॅमेऱ्यात ती अक्षरं दिसेचनात, सगळी भिंत एकसारखी. काळा आणि पांढरा हा फरक डोळ्यांसाठी आणि उन्हासाठी आहे. रात्री दोन्ही रंग सारखीच उष्णता सोडतात. ऑफिसच्या काचेच्या खिडकीतून मात्र पलीकडचं काहीच दिसलं नाही, काच त्या प्रकाशाला भिंतीसारखीच.

आता मुद्द्याचं. गोदामातली हवा रात्री साडेनऊला ३६ अंश होती, चेंबरच्या आत १६.५. चांगलं पॅनल बाहेरून ३५.३ दाखवत होतं, म्हणजे हवेपेक्षा थोडंसंच गार. पश्चिमेच्या भिंतीत सहा पॅनल आहेत. त्यातल्या चार पॅनलचा वरचा भाग, साधारण वरचा एक मीटर, स्क्रीनवर गडद निळा दिसला. आकडा ३१.४. कडा अशा सरळ की कुणी पट्टी लावून रेघ मारली आहे. मग आत जाऊन त्याच जागी उलट चित्र, सगळी भिंत १७.२ आणि वरचा पट्टा २०.८. छताच्या पश्चिमेकडच्या दोन पॅनलांतही तसेच पट्टे.

आमची क्रेटची थप्पी थेट त्या पट्ट्यापर्यंत जाते. तीन वर्षं मी पंख्याला दोष देत होतो.

ते म्हणाले, इथे बहुधा फोम पोचलाच नाही. पॅनल बनवताना दोन पत्र्यांच्या मधे फोम ओततात, तो फुगत फुगत टोकापर्यंत जायला हवा. माल कमी पडला किंवा वेळ चुकली तर टोकाला पोकळी राहते. बाहेरून पत्रा दिसायला तसाच, ठोकून पाहिलं तरच आवाज वेगळा. आम्ही ठोकून पाहिलं. खाली बद्द आवाज, वर डब्यासारखा. ज्याने पॅनल पुरवले त्याला मी त्या वेळी पूर्ण पैसे दिले होते आणि आता त्याचा फोन लागत नाही. ते दुःख इथे उगाळत नाही, पण नवीन चेंबर बांधणाऱ्यांनी पॅनल उतरवून घेताना प्रत्येकाला दोन्ही टोकांना ठोकून बघावं. फुकटची तपासणी आहे.

८० मिलिमीटरचा धड पफ दर चौरस मीटरला, दर एक अंश फरकाला साधारण ०.३ वॅट उष्णता आत येऊ देतो. पोकळ जागेतून त्याच्या कितीतरी पट येते. आमची पोकळ जागा सगळी मिळून सहा चौरस मीटर भरली. मी विचारलं, नेमकी किती पट ते आकड्यात सांगा. त्यांनी साफ नाही म्हटलं. म्हणाले, एका रात्रीच्या फोटोंवरून भिंतीचा आकडा काढून देणारे आहेत, मी देत नाही. त्यासाठी भिंतीवर उष्णता मोजणारी चकती लावून किमान ७२ तास नोंद घ्यावी लागते. कॅमेरा कुठे ते सांगतो, किती ते नाही. ग्राहकाला खूश करायला एखादा आकडा फेकणं त्यांना सोपं होतं. त्यांनी तो फेकला नाही, म्हणून बाकीच्या आकड्यांवर माझा विश्वास बसला.

दुसरा दोष वेगळ्या जातीचा निघाला. दाराच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातून निळा फराटा बाहेर पसरलेला, पिसाऱ्यासारखा, कडा विरघळलेल्या. कंप्रेसरची पाइप जिथून भिंतीत शिरते तिथेही तसाच. सरळ कडा असली तर भरण नाही, आणि पिसारा असला तर हवा वाहते आहे, हे त्यांनी तिथेच शिकवलं. खात्रीसाठी अगरबत्ती मागितली. आमच्या माणसाने देवापुढच्या दोन काड्या आणून पेटवल्या. दाराच्या त्या कोपऱ्यापाशी धरल्या तर धूर सरळ वर जाण्याऐवजी बाहेरच्या बाजूला लोटला गेला. पाइपपाशी उलट, धूर आत ओढला गेला. दाराचा गॅस्केट, म्हणजे कडेची रबरी पट्टी, तिथे दबून सपाट झाला होता आणि पाइपभोवतीचं भोक कुणीतरी चिंध्या कोंबून बंद केलं होतं. जुलै-ऑगस्टमध्ये त्या पाइपखाली पाणी का टपकायचं, तेही मग कळलं. पावसाळ्यातली दमट हवा गार जागेवर आली की तिथेच तिचं पाणी होणार.

ही हवेची गळती चेंबरवाल्यांनी हलकी समजू नये. पहिले चोवीस तास आपण केळी पिकवणारं इथिलिन (वायू) सोडून चेंबर बंद ठेवतो, ते शंभर पीपीएमच्या, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर भागांच्या, आसपास टिकायला हवं. दाराच्या कोपऱ्यातून हवा निसटत असेल तर थंडीबरोबर इथिलिनही जातं, आणि कुठल्या ओळीला किती मिळालं याचा हिशेब राहत नाही.

रात्री अकराला ते झोपले. गोदामातच खाट टाकून दिली, त्यांनी तीच मागितली. पहाटे साडेचारला पुन्हा सगळी फेरी. या दुसऱ्या फेरीची मला आधी गरज वाटत नव्हती. पण रात्री साडेनऊला गोदामाची वीटभिंत अजून तापलेली होती, आणि पॅनलवरचे डाग तिच्यामुळे तर दिसत नाहीत ना, अशी शंका राहिली असती. पहाटे वीटभिंत निवली होती, गोदामात ३० अंश. डाग जागच्या जागी, त्याच सरळ कडांनी, फक्त फिके. चांगलं पॅनल २९.५ आणि पट्टा २६.८. दोष पॅनलचाच, हे पक्कं झालं.

तिसऱ्या दिवशी आम्ही एका पट्ट्यात चार इंचांचं गोल भोक पाडलं. आत हात घातला तर कोपरापर्यंत गेला, फोमचा कण नाही. आमच्या माणसाने तो हात बराच वेळ बाहेर काढला नाही. तोच तीन वर्षं पहाटे उठून त्या ओळींचे क्रेट वेगळे करत होता.

आता घराचं. आमचं घर दोन काळांचं आहे. पुढे आजोबांच्या वेळचं धाबं, दोन फूट जाड मातीच्या भिंती, वर लाकडी सरे आणि मातीचा जाड थर. मागे २००३ साली वडिलांनी काढलेल्या दोन खोल्या, नऊ इंची वीट आणि आरसीसी स्लॅब. आई पंचाहत्तरची आहे. दर वर्षी पाडव्यानंतर ती मागच्या पश्चिमेच्या खोलीतून आपली खाट धाब्यात हलवते. आम्ही समजायचो, जुन्या घराची सवय सुटत नाही.

तपासणीवाल्यांनी घराची फेरी रात्री आठलाच करून घेतली होती, गोदामावर जाण्याआधी. पश्चिमेच्या खोलीत आतून भिंत ३८.६, पूर्वेच्या भिंतीपेक्षा साडेतीन अंश जास्त. स्लॅबची खालची बाजू ४०च्या वर. धाब्याचं छत ३४. विटेच्या भिंतीत काँक्रीटचे कॉलम आणि बीम वेगळे उठून दिसत होते, सांगाड्याच्या हाडांसारखे, कारण काँक्रीट उष्णता विटेपेक्षा लवकर पोचवतं. त्यांनी समजावलं की नऊ इंची विटेतून उन्हाची धग आत यायला सहा ते आठ तास लागतात. म्हणजे दुपारी चारचं ऊन रात्री दहा-अकराला आतल्या बाजूला पोचतं, नेमकं माणूस आडवा होतो तेव्हा. आई दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "मी त कव्हाची सांगू राह्यली, हे भिताड रातभर धगते." तिने पुढे येऊन तळहात भिंतीला लावला, मग दुसऱ्या भिंतीला लावला. तिच्याजवळ कॅमेरा नव्हता, पण वीस वर्षं ती असंच मोजत आली होती आणि आम्ही कुणी ऐकलं नाही.

तेवढ्यात स्क्रीनवर त्या भिंतीच्या मधोमध एक चौकोन दिसला. बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ, ४०.१. प्लास्टर एकसंध, रंग एकसंध, डोळ्यांना काही नाही. तपासणीवाल्यांनी विचारलं, इथे आधी खिडकी होती का? मला आठवेना. आईला आठवलं. घर बांधलं तेव्हा तिथे खिडकी ठेवली होती. पहिल्याच उन्हाळ्यात झळा यायला लागल्या, म्हणून वडिलांनी ती बुजवून घेतली. मिस्त्रीने तिथे नऊ इंचांऐवजी साडेचार इंचांची वीट लावली असणार, असं तपासणीवाले म्हणाले. जाडी अर्धी असली की ऊन लवकर आत पोचतं. पहाटे पाचला परत येऊन पाहिलं तर तोच चौकोन आता काळपट दिसत होता, भिंत ३३.५ आणि चौकोन ३२.१. लवकर तापतो तसा लवकर निवतोही. वडील जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांनी बुजवलेली ती खिडकी आम्ही सगळ्यांनी त्या पहाटे उभं राहून पाहिली. आईने त्या फोटोची छापील प्रत मागून घेतली आहे.

घरासाठी सल्ला साधा मिळाला. पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून सावली करा, स्लॅबवर पांढरा थर द्या आणि जमलं तर उष्णतारोधक थर टाका. २०१८ साली केंद्राने निवासी इमारतींसाठी जी इको निवास संहिता आणली, तिच्यात छतातून दर चौरस मीटरला, दर अंशाला १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता येऊ नये असं म्हटलं आहे. आपल्या उघड्या स्लॅबमधून तीनच्याही वर येते. नवीन घर बांधणाऱ्यांनी आर्किटेक्टला हा एक आकडा नक्की विचारावा. आम्ही सध्या स्लॅबवर चुन्याचे दोन हात दिले आणि पश्चिमेला शेडनेट बांधलं.

तक्रारीही लिहायलाच हव्यात. रिपोर्ट चार दिवसांत देतो म्हणाले होते, तेराव्या दिवशी आला. पूर्ण इंग्रजीत, चौतीस पानं. माझं चालून गेलं, पण दुरुस्ती करणारा मिस्त्री ते वाचणार कसा? शेवटी पुतण्याने प्रत्येक फोटोखाली मराठीत लिहून दिलं. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे रंगांची पट्टी. प्रत्येक फोटोत कॅमेऱ्याने पट्टी आपोआप ठरवली होती. त्यामुळे एका फोटोत लाल म्हणजे ४० आणि दुसऱ्यात लाल म्हणजे ३४. माझी बायको धाब्याच्या भिंतीचा लालभडक फोटो बघून घाबरली, आणि आकडे वाचले तर त्या अख्ख्या भिंतीत एक अंशाचाही फरक नव्हता. सगळ्या फोटोंना एकच पट्टी लावून द्या, असं मी त्यांना कळवलं. त्यांनी दोन दिवसांत सुधारून पाठवलं आणि जास्तीचे पैसे घेतले नाहीत. पण हे ग्राहकाला सांगावं लागू नये. तुम्ही कुणाकडूनही तपासणी करून घेतली तरी रंगाकडे बघू नका, शेजारच्या पट्टीवरचे आकडे बघा.

दुरुस्तीला एकूण २३,४०० रुपये लागले. पोकळ पॅनलांत भोकं पाडून दोन भागांचा फोम भरला, दाराचा गॅस्केट बदलला, पाइपभोवतीच्या चिंध्या काढून फोम आणि सिलिकॉन लावलं. गोदामाच्या वीटभिंतीला बाहेरून चुना दिला. फोम भरताना एका पॅनलचा पत्रा फुगला, कारण मिस्त्रीने एकदम जास्त ओतला. थोडा थोडा भरायला लावा.

त्यानंतर तेवढाच माल, तेच तापमान ठेवून मी पंधरा दिवस मीटर लिहून काढलं. दुरुस्तीआधी दिवसाला सरासरी ६८ युनिट जात होती, आता ५७. फार मोठा आकडा नाही आणि मी फुगवून सांगणार नाही, केळी स्वतः सोडतात ती उष्णता तर काढावीच लागते. पण कंप्रेसर आता भर दुपारीही मधूनमधून थांबतो, आणि मोठा कंप्रेसर घेण्याचा विषय संपला. पश्चिमेच्या ओळीत सुई थर्मामीटर १७.६ दाखवतो.

कुणी बोलवावं? ज्यांच्या चेंबरमध्ये एकाच बाजूचा माल आधी पिकतो, कंप्रेसर थांबत नाही, किंवा पावसाळ्यात पॅनलच्या जोडाला पाणी सुटतं, त्यांनी जरूर. नवीन चेंबर ताब्यात घेताना तर शेवटचा हप्ता देण्याआधी करून घ्यावी, मी ते केलं असतं तर तीन उन्हाळे वाचले असते. नुसतं घर गरम होतं म्हणून दहा हजार घालू नका. पश्चिमेची भिंत आणि स्लॅब तापतात हे तळहाताने कळतं. आणि कुणी दुपारी येतो म्हणाला, पत्रा चकचकीत आहे का ते विचारलं नाही, किंवा एका फोटोवरून बिलात किती टक्के बचत होईल ते सांगायला लागला, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

जाताना मी त्यांना म्हटलं, आलाच आहात तर पहिल्या नंबरचा चेंबरही बघून टाका, त्याचेही पैसे देतो. त्यांनी आत जाऊन चारही भिंती ठोकून पाहिल्या, दाराच्या चारही कोपऱ्यांत अगरबत्ती फिरवली आणि म्हणाले, "भाऊ, याची काही तक्रार नाही ना? मग कशाला?" बॅग गाडीत ठेवली आणि सव्वासहाला जळगावच्या रस्त्याला लागले.